मोहल्ल्यात कॉम्प्युटरची बैठक भरवताना : पाहुणा कोण, विषय कोणता आणि प्लग किती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत अपडेट बंद केले. त्यानंतर आपल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू झाला : आता ह्या लॅपटॉपचं काय करायचं? दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हा आता भंगार झाला, नवा घ्या." ज्या घरात एकाच लॅपटॉपवर थोरलीचं कॉलेज, मधल्याचे शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि अब्बांच्या दुकानाचा हिशेब चालतो, तिथे तीस-चाळीस हजारांचा खर्च म्हणजे वर्षाचं गणित बिघडणं.

खरी गोष्ट अशी की अपडेट थांबल्याने लॅपटॉप बंद पडत नाही. तो चालतोच. फक्त विंडोजमध्ये नव्याने सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करणं दिवसेंदिवस जोखमीचं होत जातं. घरगुती वापर करणाऱ्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेण्याची सोय कंपनीने ठेवली. विंडोज ११ घालायचं तर टीपीएम २.० नावाची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तो नसेल तर लिनक्स हा रस्ता आहे, आणि तो फुकट आहे. म्हणजे निदान तीन वाटा आहेत. दुकानदार सांगतो ती चौथी, सगळ्यात महाग.

ह्या तीन वाटा समजावून सांगणारा माणूस बहुतेक गावांत असतो. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा, पुण्या-मुंबईत नोकरी करून सणाला घरी येणारा, नाहीतर आखातातून सुट्टीवर आलेला कोणाचा तरी भाचा. अडचण एवढीच की त्याला एकेकट्याने गाठून एकेक जण विचारतो, तोही लग्नाच्या जेवणात, आणि तो वैतागतो. तोच माणूस दोन तास एका खोलीत बसला आणि समोर वीस माणसं आपापले लॅपटॉप घेऊन बसली, तर काम होतं. आम्ही गेली दोन वर्षं आमच्या तालुक्याच्या गावात अशा बैठका भरवतो. बऱ्याच ठिकाणांहून विचारणा होते की हे जमवायचं कसं, म्हणून हा लेख.

ही कल्पना आमची नाही, आणि नवीही नाही. आयबीएमचे मोठे कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी अमेरिकेत १९५५ सालीच आपला गट काढला होता, कारण प्रत्येकाने तोच प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहीत बसणं परवडत नव्हतं. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी एका घराच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी माणसं जमली. त्यांच्यासमोर अल्टेअर ८८०० नावाचं जोडणी करून वापरायचं यंत्र होतं. त्यातून होमब्रू कॉम्प्युटर क्लब उभा राहिला. पहिल्या बैठकीला आलेला स्टीव्ह वॉझ्नियाक पुढे सांगत असे की ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरची कल्पना त्याला तिथून सुचली. बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९७७ साली सुरू झाली तेव्हा ती काढणारा जोनाथन रोटेनबर्ग तेरा वर्षांचा होता, आणि पुढे तिचे सभासद तीस हजारांवर गेले. आपल्याकडे लिनक्स वापरणाऱ्यांचे गट पुण्यात, मुंबईत वर्षानुवर्षं भेटत आले आहेत. तेव्हा "पोरं जमून काय करणार" असं म्हणणाऱ्या बुजुर्गांना हे जरूर सांगावं, विशेषतः तेरा वर्षांच्या मुलाचं.

होमब्रूकडून आम्ही एक पद्धत उचलली. तिथे बैठक चालवणारे ली फेल्सनस्टाईन सुरुवातीला सगळ्यांना थोडक्यात बोलायला लावत : माझ्याकडे काय आहे, मला काय हवं आहे. मग मोकळा वेळ, ज्याला ज्याच्याकडून काही हवं त्याने त्याला गाठावं. आमच्याकडे सुरुवातीची पंधरा मिनिटं हेच चालतं. "माझा एचपीचा लॅपटॉप आहे, चालू व्हायला दहा मिनिटं घेतो." "मला उर्दू टाइप करायचंय." "माझ्याकडे जुनी रॅम पडून आहे, कोणाला हवी का?" पाहुण्याचं भाषण सुरू होण्याआधीच अर्ध्या लोकांची अर्धी कामं ओळखीनेच होऊन जातात. पाहुण्यालाही कळतं की समोर कोण बसलंय.

विषय आधी, पाहुणा नंतर

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. कोणीतरी मोठा माणूस मिळतो, मग त्याला काय बोलायचं ते त्याच्यावर सोडतात, आणि तो "माहिती तंत्रज्ञानाच्या युगात समाजापुढील आव्हाने" ह्या विषयावर दीड तास बोलतो. टाळ्या पडतात. घरी जाताना कोणाच्या हातात काही नसतं.

विषय असा हवा की त्याच दिवशी करून बघता येईल. आमच्या अनुभवाने आपल्या घरांत चार गोष्टींना सगळ्यात जास्त मागणी आहे. एक, जुना लॅपटॉप पुन्हा वापरात आणणं. दोन, फोनवरून होणारी फसवणूक. तीन, शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे फॉर्म ऑनलाइन भरणं. चार, मराठी आणि उर्दू टायपिंग.

चौथ्या विषयाकडे कोणी फारसं बघत नाही, पण उर्दू शाळेतल्या शिक्षकांना विचारा. त्यांना शाळेचा पत्रव्यवहार मराठीत आणि प्रश्नपत्रिका उर्दूत करायची असते. मराठीसाठी जुने फॉन्ट, उर्दूसाठी इनपेज, आणि एकातलं दुसऱ्यात नेलं की अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्या एकाच पानावर नीट बसतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि उर्दूसाठी नस्तालीक वळणाचा एखादा युनिकोड फॉन्ट, एवढ्यावर काम भागतं, आणि तेही फुकटच्या लिब्रेऑफिसमध्ये. ह्यावर एक तास बोलणारा पाहुणा मिळाला तर त्याला सोडू नका. आमच्याकडे ह्या बैठकीला शिक्षिका सगळ्यात जास्त आल्या, आणि असरची अजान होऊन गेली तरी उठल्या नाहीत.

फसवणुकीचा विषय घेतला तर सायबर पोलीस ठाण्यातला अधिकारी किंवा बँकेतला अनुभवी माणूस बोलवावा. लोकांना ऐकायचं असतं ते नेमकं : 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि पैसे गेले तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त चाचांनी फंडातली मोठी रक्कम अशीच घालवली आणि आठ दिवस घरात कोणाला सांगितलं नाही. ते बैठकीला आले, मागे बसले, आणि शेवटी उठून स्वतः बोलले. त्यानंतर खोलीत आणखी तिघांनी हात वर केले. असं बोलणं मोठ्या सभेत होत नाही, वीस-पंचवीस माणसांतच होतं.

पाहुण्याला बोलवायचं कसं

निदान तीन आठवडे आधी. फोनवर "या हो कधीतरी" म्हणून भागत नाही, लेखी निरोप हवा. त्यात काय असावं, ते आमच्याच एका निरोपावरून बघा :

"सर, आमच्या गावात कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचा छोटा गट आहे. दर महिन्याला एका रविवारी भेटतो. साधारण पंचवीस जण येतात : कॉलेजची मुलंमुली, काही शिक्षिका, दुकानदार, तीन-चार निवृत्त. बहुतेकांनी लिनक्स कधी पाहिलेलं नाही. आपण चाळीस मिनिटं बोलावं आणि नंतर तेवढाच वेळ प्रश्नांना द्यावा अशी विनंती आहे. भाषा मराठी किंवा हिंदी-उर्दू, आपल्याला जमेल ती. वेळ दुपारी अडीच ते पाच. मध्ये असरच्या नमाजसाठी वीस मिनिटं थांबतो, तेव्हा चहा असतो. प्रोजेक्टर आहे. स्टँडवर घ्यायला येऊ, येण्याजाण्याचा खर्च आमचा."

ह्यात एकही विशेषण नाही, हे लक्षात घ्या. पाहुण्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : समोर कोण आहे आणि मला किती वेळ आहे. पाहुणा आपल्या समाजातलाच हवा असंही नाही. आमच्याकडे पॉलिटेक्निकचे एक सर तीनदा येऊन गेले. नमाजच्या सुट्टीचं आधीच सांगितलेलं असल्याने तेही निवांत आणि आम्हीही.

मानधनाबद्दल स्पष्ट बोलावं. देता येत नसेल तर "मानधन देऊ शकत नाही" असं पहिल्याच निरोपात लिहावं. बरेच लोक तरीही येतात. पण प्रवासखर्च मात्र हातात द्यावा, तोही लिफाफ्यात, सगळ्यांसमोर नाही. आणि एक दुसरं नाव नेहमी तयार ठेवावं. पाहुण्याची मुलगी आजारी पडते, एसटी घाट उतरताना बंद पडते. अशा दिवशी आपल्यातलाच कोणीतरी अर्धा तास काहीतरी करून दाखवू शकला पाहिजे.

एक सावधगिरी. काही लोक स्वतःहून येतो म्हणतात, फुकट येतो म्हणतात, आणि शेवटच्या वीस मिनिटांत कोर्सच्या प्रवेशाचे फॉर्म वाटतात. नाहीतर झटपट श्रीमंत करणाऱ्या ट्रेडिंगच्या ॲपचं नाव फळ्यावर लिहितात. पाहुण्याला आधीच सांगावं : इथे काही विकायचं नाही, आणि येणाऱ्यांचे फोन नंबर आम्ही कोणाला देत नाही. हे ऐकून जो मागे हटतो तो आपल्याला नकोच होता.

सत्काराचंही सांगून टाकतो. शाल, गुच्छ, अध्यक्षीय मनोगत, प्रास्ताविक, मग प्रास्ताविक करणाऱ्याचा परिचय, ह्यात आपल्याकडे सहज पाऊण तास जातो. आम्ही पाहुण्याची ओळख एका मिनिटात करून देतो आणि शेवटी गावच्या काजूचं एक पाकीट देतो. सुरुवातीला काहींना हे रुचलं नाही. "माणूस इतक्या लांबून आला आणि साधी शाल नाही?" म्हणाले. आता तेच घड्याळ बघतात.

जागा, आणि तिथे बाया-मुली येतील का

सगळ्यात मोठा निर्णय हा आहे. बैठक कुठल्या तरी सायबर कॅफेत किंवा नाक्यावरच्या क्लबच्या खोलीत ठेवली तर फक्त तरुण पोरं येणार. घरातला लॅपटॉप प्रत्यक्षात जास्त वापरतात त्या मुली आणि शिक्षिका, त्या तिथे पाऊल टाकणार नाहीत. मुलगी यायला तयार असली तरी घरून परवानगी मिळणार नाही. जागा बदलली की हे बदलतं. उर्दू शाळेचा वर्ग सगळ्यांच्या ओळखीचा असतो, मुलींची आई तिथेच शिकलेली असते. आम्ही तिथे सुरू केल्यावर मुलींसोबत अम्मी आणि खालाही येऊ लागल्या. आल्या होत्या सोबतीला, आणि बसल्या शिकायला.

बसण्याची व्यवस्था येणाऱ्यांना विचारून ठरवा. आमच्याकडे दोन बाजूंना बाकं आणि मध्ये वाट असते. महत्त्वाचं हे की बायकांची बाजू मागे नको, पडदा दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे. मदत करणाऱ्यांत निदान दोन मुली असाव्यात, म्हणजे कोणाला आपला लॅपटॉप अनोळखी मुलाच्या हातात द्यावा लागत नाही. त्यात घरचे फोटो असतात. हा संकोच खरा आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकण्याची घाईही नको. आम्ही फक्त पाहुण्याचा आणि फळ्याचा फोटो काढतो.

शाळेची परवानगी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. शिपायाला रविवारी यावं लागतं, त्याचे पैसे द्या. वर्ग होता तसा झाडून परत करा. पुढच्या महिन्याची परवानगी ह्या शेवटच्या वाक्यावर अवलंबून असते.

प्लग किती

ह्या गोष्टीवर हसू नका. कितीतरी बैठका इथेच कोसळतात. लॅपटॉपचा साधा चार्जर ६५ वॉटचा धरा. पंधरा लॅपटॉप म्हणजे ९७५ वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आसपास. त्यात तीनशे वॉटचा प्रोजेक्टर जोडला की साडेपाच झाले. वर्गातला साधा प्लग सहा अँपिअरपर्यंतचा, तोही वीस वर्षांपूर्वी बसवलेला. एकाच पॉइंटवर एक्सटेन्शनला एक्सटेन्शन जोडत गेलात तर बोर्ड तापतो. म्हणून प्रोजेक्टर वेगळ्या पॉइंटवर, लॅपटॉप निदान दोन पॉइंटवर वाटून, आणि येणाऱ्यांना सांगायचं की घरून पूर्ण चार्ज करून आणा. आदल्या दिवशी गावच्या वायरमनला बोलवून पॉइंट तपासून घेतले तर उत्तम. वायरी वाटेत आल्या तर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा, बुरख्यात किंवा साडीत पाय अडकतो.

प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल आणि जुन्या लॅपटॉपसाठी व्हीजीएची जोडणी, दोन्ही ठेवा. पाहुण्याला आपला लॅपटॉप अर्धा तास आधी जोडून बघायला लावा. वीज गेली तर काय, ह्याचा विचार आधी झालेला असावा. आमच्याकडे फळा आणि खडू असतोच, आणि खरं सांगायचं तर फायली कुठे साठतात, पार्टिशन म्हणजे काय, हे फळ्यावरच जास्त चांगलं कळतं.

इंटरनेटचं गणितही करून ठेवा. लिनक्स मिंटची फाइल साधारण तीन जीबीची. दहा जणांनी तिथे बसून उतरवायची म्हटलं तर तीस जीबी, आणि मोबाइलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबीचा. तेव्हा फाइल एकाने आदल्या रात्री उतरवावी, चार-पाच पेनड्राइव्ह तयार करावेत आणि तेच फिरवावेत. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

लॅपटॉपला हात लावण्याआधी

लिनक्सची बैठक असेल तर एक नियम पक्का : ज्याच्या फायलींची दुसरी प्रत नाही, त्याच्या लॅपटॉपवर त्या दिवशी काही बसवायचं नाही. मग तो कितीही आग्रह करो. निकाहचे फोटो, मुलीचं प्रोजेक्ट, दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, हे गेलं की परत येत नाही. अशांना पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून दाखवता येतं. लॅपटॉपमधल्या डिस्कला धक्का न लावता आवाज, वायफाय, कॅमेरा, प्रिंटर चालतो का ते कळतं. तेवढं बघून घरी जावं, विचार करावा, पुढच्या महिन्यात प्रत घेऊन यावं.

मिंटला कमीत कमी दोन जीबी रॅम लागते, चार असेल तर बरं. डिस्कवर वीस जीबी जागा तरी हवी. दहा-बारा वर्षांपूर्वीचे बरेच लॅपटॉप ह्यात बसतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तर फरक डोळ्यांना दिसतो, आणि तो खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने अगदीच किरकोळ.

पण सगळ्यांना लिनक्स देऊ नका. ज्या दुकानदाराचा हिशेब टॅलीत आहे, ज्या शिक्षकाची दहा वर्षांची प्रश्नपत्रिकांची फाइल इनपेजमध्ये आहे, ज्यांना डिजिटल सहीचं टोकन रोज वापरावं लागतं, त्यांचं काम अडेल. त्यांना विंडोज १० चं वाढीव अपडेट घ्यायला लावणं किंवा पैसे जमवून विंडोज ११ चालेल असा वापरलेला लॅपटॉप शोधून देणं हाच खरा सल्ला. लिनक्सच्या प्रेमात पडलेली तरुण मुलं हे ऐकत नाहीत. त्यांना जवळ बसवून सांगावं लागतं की आपण लॅपटॉप दुरुस्त करत नाही, एका घराचं काम चालू ठेवतो आहोत.

प्रश्नांच्या वेळेबद्दल थोडं. पहिला प्रश्न नेहमी त्याच एका माणसाचा असतो, आणि तो प्रश्न नसतो, भाषण असतं. चालवणाऱ्याने हसत थांबवावं. आम्ही चहाच्या सुट्टीत कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. नाव लिहायचं नाही, फक्त प्रश्न. त्यातून असे प्रश्न येतात जे कोणी उठून विचारलं नसतं : "माझा फोन नवरा बघतो का ते कसं कळेल?" "मुलाने गेमवर पैसे घातले, परत मिळतील का?" "माझं खातं कोणीतरी माझ्या फोटोने उघडलंय." पाहुण्याला ह्यातला एखादा अवघड वाटला तर तो बाजूला ठेवावा, पण फेकून देऊ नये. ज्या मुली मदतीला आहेत त्यांनी जाहीर करावं की चिठ्ठी लिहिणाऱ्या व्यक्तीने हवं तर नंतर आम्हाला गाठावं. असं गाठलं गेलं आहे, एकापेक्षा जास्त वेळा.

खर्च फार नाही. चहा-बिस्किटं, शिपायाचे पैसे, पाहुण्याचा प्रवास, काजूचं पाकीट. आम्ही प्रवेश फी ठेवत नाही. दाराशी एक डबा असतो, ज्याला जमेल त्याने टाकावं, आणि हिशेब त्याच दिवशी फळ्यावर लिहितो. डब्यात कमी पडलं तर दोन दुकानदार भागवतात. त्यांची नावं आम्ही बॅनरवर टाकत नाही, बॅनरच लावत नाही.

उठण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात : पुढचा विषय, पुढची तारीख, आणि कोणाचं काम अर्धवट राहिलं. अर्धवट राहिलेल्यांची वही आम्ही वेगळी ठेवतो. नाव, लॅपटॉपचा मॉडेल, काय झालं, कोण बघणार. आधार नंबर वगैरे त्यात लिहायचा नाही, कोणी सांगितला तरी. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या महिन्यात आणि रमजानमध्ये बैठक नसते, पण वही तेव्हाही चालू असते. ज्याचं नाव त्यात आहे त्याच्या घरी कोणीतरी तरावीहनंतर पेनड्राइव्ह घेऊन जातो.